होटगीची कपाटे, पुण्याची किल्ली

होटगी हे गाव महाराष्ट्राच्या नकाशावर जेमतेम ठिपक्याएवढे. परंतु रेल्वेच्या वेळापत्रकात त्याचा मान मोठा. सोलापूरपासून पंधरा-एक किलोमीटरवर हे जंक्शन लागते. मुंबईहून चेन्नईकडे जाणारा लोहमार्ग येथून सरळ पुढे जातो आणि विजापूर, बागलकोट, गदग ह्या गावांचा फाटा येथेच फुटतो. गदगचा मार्ग मूळचा मीटर गेजचा, म्हणजे १००० मिलिमीटर रुंदीचा. मुंबईचा १६७६ मिलिमीटरचा. तो सबंध मार्ग रुंद होण्यास चालू शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. तोवर एका रुळावरची गाडी दुसऱ्यावर चालत नसे. अशा ठिकाणी वाढलेल्या माणसाला एक गोष्ट न शिकवता कळते. दोन ठिकाणी माल असून भागत नाही. तो पोचवायचा तर रुंदी जुळावी लागते आणि कोणीतरी फाटकाशी जागे असावे लागते.

आमचे घर ह्या होटगीत. मी नोकरीनिमित्त पुण्यात. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, आणि वहिनी होटगीच्या घरात. आमची अक्का विजापुरास दिलेली. म्हणजे एक घर तीन गावी आणि दोन भाषांत वाटलेले! घराची कागदपत्रे मात्र एकाच जागी आहेत. पूर्वी ती माजघरातल्या लोखंडी कपाटात असत. आता त्यांच्या प्रती त्याच माजघरातल्या एका संगणकात आहेत. त्या संगणकातील फोल्डर आम्ही सर्वांनी सामाईक केले आहेत आणि त्यांची देखभाल मी पुण्याहून करतो. हा उद्योग कसा चालतो, त्यात काय सांभाळावे लागते आणि एका रात्री त्यातून कसा पेच उभा राहिला, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सामाईक म्हणजे काय?

संगणकातील फोल्डर सामाईक करणे म्हणजे त्याची प्रत चौघांना वाटणे नव्हे. वस्तू एकाच ठिकाणी राहते; इतरांना तिच्यापर्यंत येण्याची वाट मिळते. ही वाट ज्या बोलीवर चालते तिचे नाव एस.एम.बी. आय.बी.एम. कंपनीतील बॅरी फाइगेनबाउम ह्या गृहस्थांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी ती घडवली. पुढे मायक्रोसॉफ्टने तिला आपल्या विंडोजमध्ये थारा दिला. १९९१-९२च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल ह्या विद्यार्थ्याने दुसऱ्या जातीच्या संगणकांनाही ही बोली बोलता यावी म्हणून एक प्रणाली लिहिली. तिला नाव काय द्यावे? त्याने शब्दकोशातून एस, एम, बी ही अक्षरे ह्याच क्रमाने येणारे शब्द धुंडाळले आणि त्यातून ‘सांबा’ निघाले! नाच ब्राझीलचा, नाव शब्दकोशातले आणि काम फायली पोचवण्याचे. २०१३ पासून मॅक संगणकांनीही हीच बोली आपली पहिली बोली मानली.

ह्याचा आमच्या घराला फायदा असा, की दादांचा लॅपटॉप विंडोजचा, माझ्या मुलीचा मॅक आणि अक्काच्या नातवाचा लिनक्सचा असूनही होटगीच्या कपाटाचे दार तिघांनाही उघडते. रुळांची रुंदी जुळली आहे. अक्काचा नातू आपल्या फायलींना कानडीत नावे देतो, आम्ही मराठीत. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तिच्यात देवनागरी व कानडी ह्या दोन्ही लिपींना जागा मिळाली होती. म्हणून ती नावे आज एकाच यादीत गुण्यागोविंदाने नांदतात.

दोन दरवाजे

आमच्या संगणकात मुख्य तीन कप्पे आहेत. पहिला ‘जुने’ : सातबारा, फेरफार, वडिलांची पत्रे, लग्नपत्रिका, छायाचित्रे. दुसरा ‘रोजचे’ : विजेची बिले, औषधांच्या चिठ्ठ्या, घरखर्च. तिसऱ्यात ज्याचा-त्याचा स्वतंत्र खण. ह्या तिन्हींना एकच कुलूप लावून चालत नाही.

विंडोजमध्ये अशा फोल्डरला दोन दरवाजे असतात. पहिला वेशीचा : नेटवर्कवरून येणाऱ्याला आत घ्यायचे की नाही. दुसरा वाड्याचा : आत आल्यावर त्याने फाइल नुसती वाचावी, बदलावी की पुसून टाकावी. दोन्ही दरवाज्यांवर निरनिराळे हुकूम असतील तर जो अधिक कडक तोच चालतो. पुष्कळ घरांत गोंधळ होतो तो येथे. वेशीवर ‘सर्वांना सर्व मुभा’ लिहिलेले असते आणि वाड्याचा दरवाजा बंद असतो. मग ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते आणि माणूस राउटरला दोष देत बसतो. मी साधा नियम पाळतो : वेस थोडी सैल, वाडा काटेकोर, आणि प्रत्येक माणसाला त्याचे स्वतःचे खाते, स्वतःचा पासवर्ड. ‘घर’ नावाचे एक सामाईक खाते काढून सर्वांनी त्यातून ये-जा करण्याची सोय सोपी खरी, पण मग कोणी काय केले ह्याचा पत्ता लागत नाही.

‘जुने’ ह्या कप्प्यात सर्वांना वाचण्याची मुभा आहे. पुसण्याची रोजच्या खात्यांपैकी एकालाही नाही. माझ्या रोजच्या खात्यालासुद्धा नाही. ह्याचे कारण ऐकून वाचकांपैकी काही जण दचकतील. आपल्या संगणकातील फाइल पुसली तर ती केराच्या टोपलीत जाते आणि तेथून परत आणता येते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु दुसऱ्या संगणकातील सामाईक फोल्डरमधून नेटवर्कवरून पुसलेली फाइल त्या टोपलीत जात नाही. ती थेट जाते! नातवंडाच्या एका बोटाने आजोबांचा फेरफार नाहीसा होऊ शकतो. सामाईक फोल्डर राखणाऱ्याने एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ.

पुण्याहून होटगीला कसे जावे?

आता प्रश्न लांबून जाण्याचा. घरातील राउटर आपल्या संगणकांना जे पत्ते देतो ते बहुधा १९२.१६८ ह्या आकड्यांनी सुरू होतात. हे पत्ते १९९४ साली खासगी वापरासाठी राखून ठेवले गेले. पुण्यातल्या माझ्या घरी आणि होटगीच्या घरी तोच पत्ता असू शकतो. गल्लोगल्ली ‘मारुतीचे देऊळ’ असावे तसा. बाहेरच्या जगाला त्याचा उपयोग नाही. त्यातून आजकाल पुष्कळ इंटरनेट कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. म्हणजे वाड्याचा नंबर तर ठाऊक, पण आत बिऱ्हाडे शंभर!

ह्यावर काही हुशार माणसे राउटरमध्ये भोक पाडून ४४५ क्रमांकाचे दार, म्हणजे एस.एम.बी.चे दार, उघड्या इंटरनेटवर आणण्याचा सल्ला देतात. हा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाची खंडणीखोर प्रणाली जगभर पसरली, ती ह्याच बोलीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेऊन. सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक तिने धरले. इंग्लंडातील सरकारी इस्पितळांना ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. आणि खेदाची गोष्ट ही, की त्या दोषावरचा उतारा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिलेला होता. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने घरोघरच्या साठवण-पेट्या गाठल्या, त्या इंटरनेटसमोर उघड्या ठेवलेल्या होत्या. लोकांच्या मुलाबाळांची छायाचित्रे कुलूपबंद झाली आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे मागितले गेले.

सुरक्षित मार्ग निराळा आहे. दोन्ही टोकांच्या संगणकांवर व्ही.पी.एन. नावाची सोय बसवायची. आमची ‘वायरगार्ड’ ह्या पद्धतीवर चालते. २०२० साली लिनक्सच्या गाभ्यातच तिला स्थान मिळाले. आमच्या सोयीत होटगीचा संगणक आपण होऊन बाहेर हाक मारतो, माझा पुण्याचाही मारतो. मधला ओळख पटवणारा दोघांची गाठ घालून देतो आणि मग दोघांमध्ये बंद नळी तयार होते. नळीतून काय जाते ते वाटेतल्या कोणाला वाचता येत नाही आणि राउटरला भोक पाडावे लागत नाही. नळीत शिरले की मी होटगीच्या माजघरातच बसलो आहे असे संगणकाला वाटते.

मात्र वाटले तरी अंतर राहतेच! एस.एम.बी. ही बोली फार बोलकी. एक फाइल उघडण्यासाठी ती अनेक वेळा ‘हॅलो, ऐकू येते का’ करते. घरात ह्या हाका क्षणात फिरतात. पुणे-होटगीमध्ये त्यांचा उशीर साचतो. म्हणून लांबून मोठा हिशेब थेट उघडून त्यात लिहीत बसू नये. आधी आपल्याकडे उतरवून घ्यावा, काम करावे, मग परत ठेवावा. आणि सर्वांत मोठी अडचण तर अगदीच गावंढळ आहे : वीज! होटगीचा संगणक बंद असेल तर सारी किमया व्यर्थ. त्यासाठी त्याला झोपू न देण्याची सूचना, राउटर आणि संगणक दोघेही इन्व्हर्टरवर, आणि वीज गेली-आली तर संगणकाने आपोआप सुरू व्हावे ही बायोसमधली खूण, इतके केले म्हणजे भागते. एवढे करूनही कधी जमले नाही तर वहिनींना फोन. “वहिनी, तो हिरवा दिवा लागलाय का?” ह्या प्रश्नाला अद्याप पर्याय निघालेला नाही.

पुण्याच्या खिडकीतून

आता मूळ गोष्टीकडे वळतो. विंडोजमध्ये ‘सामाईक फोल्डर’ नावाची एक व्यवस्थापनाची खिडकी आहे. तिच्यात तीन याद्या असतात. पहिली, कोणते फोल्डर सामाईक आहेत. दुसरी, ह्या घडीला कोण कोण आत आले आहे आणि किती वेळ. तिसरी, कोणी कोणती फाइल उघडून ठेवली आहे. मी पुण्याहून नळीतून होटगीच्या संगणकाचा पडदा माझ्यासमोर आणतो आणि ही खिडकी उघडतो. (असे केले की तिकडे बसलेल्याच्या पडद्यावर कुलूप पडते, म्हणून वहिनींचे काम आटोपल्यावर, रात्रीच.) दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी मायक्रोसॉफ्ट दुरुस्त्या पाठवते, मी त्या गुरुवारी बसवतो. त्यासाठी संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो आणि त्याआधी तिसरी यादी पाहणे हे राखणदाराचे कर्तव्य ठरते. कोणाची फाइल उघडी असताना संगणक बंद केला तर त्याचे न जतन केलेले लिखाण जाण्याचा धोका असतो.

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधीची गोष्ट. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. तिसऱ्या यादीत एकच ओळ होती. खाते दादांचे, ते माडीवरच्या आपल्या लॅपटॉपवरून काम करीत होते. आणि फाइलीचे नाव : ‘अक्का-हक्कसोड’.

हक्कसोडपत्र म्हणजे काय हे शेतीवाडीच्या घरात सांगावे लागत नाही. बहिणीने भावांच्या नावे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली सबंध देशाने कायदा बदलून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क जन्मतःच असल्याचे आणि त्यासाठी २००५ साली वडील हयात असण्याची अट नसल्याचे स्पष्ट केले. तरीही घरोघर हा कागद होतोच. बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते, आणि तिने ती आनंदाने केली असे आपण म्हणतो. आमच्या जमिनीचा प्रश्न त्या वर्षी चुलतघरातून निघाला होता, हे मला माहीत होते. दादांनी असा काही कागद करायला घेतल्याचे मात्र माहीत नव्हते.

फाइल त्यांच्या खणात होती. मी कारभारी. त्या खणाची मालकी स्वतःकडे घेऊन फाइल उघडायला मला पाच मिनिटेही लागली नसती. संगणकाने अडवले नसते. अडवणार होते ते एकच : ज्या दिवशी हे सारे बसवले, त्या दिवशी मी सर्वांना समोर बसवून सांगितले होते, की “कोण आत आहे आणि कोणती फाइल उघडी आहे, हे मला पुण्याहून दिसेल. आत काय लिहिले आहे ते मी पाहणार नाही.” वहिनींनी मान हलवली होती. दादा तेव्हा वर्तमानपत्र वाचत होते.

पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता वाचावाच लागतो. पाकीट फोडणे त्याचे काम नाही. मी फोन लावला.

“दादा, झोपला नाहीत? मशीन बंद करून चालू करायचंय. तुमची एक फाइल उघडी आहे, तेवढी जतन करून मिटा.”

पलीकडे क्षणभर काही नाही.

“तुला तिथनं दिसतंय होय?”

“नाव दिसतं. आतलं नाही.”

“नाव दिसलं म्हणजे झालंच की.” पुन्हा थोडा वेळ गेला. मग ते म्हणाले, “वकिलानं दिलेला मसुदा हाय तो. दहा रात्री झाल्या, घेऊन बसतोय. नाव तेच ऱ्हायलंय, आतलं समदं खोडलंय. तीन वाटण्या लिहितोय. दोन न्हाई, तीन. पण चुलत्यांच्या घरात काय सांगावं, ते सुचंना.”

मी काही बोललो नाही. दादांनी फाइल मिटली. यादी रिकामी झाली. मी संगणक पुन्हा सुरू केला. दुरुस्त्या बसायला वीस मिनिटे लागली.

नुसत्या नावावरून मी दादांबद्दल काय मत करून घेतले असते, ते येथे लिहिण्याची गरज नाही. लांबून राखण करणाऱ्याला थोडेसेच दिसते, आणि ते थोडेसेच फार बोलके असते. कोण रात्री जागे आहे, कोण इस्पितळाचे कागद पुन्हा पुन्हा उघडते, कोणाच्या खणात महिनाभर कोणी फिरकलेले नाही. पूर्वी हे एका छपराखाली राहणाऱ्यांना कळत असे. पण तेव्हा पाहणाराही दिसत असे. आता पाहणारा सुमारे अडीचशे किलोमीटरवर बसलेला असतो. म्हणून मी त्यानंतर एक केले. वहिनींकडून एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहवून घेतले, की ह्या संगणकावर कोण काय उघडतो ते कारभाऱ्याला दिसते, आणि तो कागद संगणकाच्या डोक्यावर चिकटवला. अक्काच्या घरीही कानडीत तसाच लावला. शिवाय कारभाऱ्याचे खाते वेगळे ठेवून त्याचा पासवर्ड एका बंद पाकिटात लोखंडी कपाटात ठेवला आहे. उद्या माझे काही बरेवाईट झाले तर घराने आपल्याच कपाटाबाहेर उभे राहू नये.

भाऊबीज

गेल्या भाऊबीजेला अक्का आली. दादांनी तो मसुदा आपल्या खणातून काढून ‘रोजचे’ ह्या कप्प्यात ठेवला आणि तिघांनाही त्यात लिहिण्याची मुभा द्यायला मला सांगितले. नाव बदलून ‘वाटणीपत्र’ केले. अक्काने वाचले. “मला जमीन काय करायचीय, मी विजापुरात,” असे ती आधी म्हणाली. मग रात्री उशिरा नातवाला बरोबर घेऊन बसली आणि विहिरीकडच्या बाजूस पाण्याचा हक्क तिघांचा समान राहावा, अशी एक ओळ तिने आपल्या हाताने घातली. चुलतघराशी बोलणी अजून चालू आहेत. कागद नोंदवलेला नाही. पण त्यावर आता काय लिहायचे ते तिघांना ठाऊक आहे.

वाचकहो, ह्या दिवाळीत घराची झाडलोट कराल, तेव्हा संगणकाचीही करा. कोणते फोल्डर सामाईक आहेत ते पाहा. कामाचे नसतील ते बंद करा. ‘सर्वांना सर्व मुभा’ दिसेल तेथे ती काढा. गेलेल्या भाडेकरूचे, जुन्या फोनचे खाते राहिले असेल तर ते मोडा. विंडोज १०चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. तेव्हा घरची कागदपत्रे अशा संगणकावर असतील तर त्यांची सोय लावा. आणि प्रती ठेवा : एकूण तीन, दोन निराळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. आमची घराबाहेरची प्रत अक्काकडे असते. दोन डिस्क आहेत, दोन्ही कुलूपबंद. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला अक्का येते, तेव्हा जुनी डिस्क घेऊन येते आणि नवी घेऊन जाते. भाऊबीजेला पुन्हा अदलाबदल. विजापूरच्या गाडीत तिच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमच्या घराचे सगळे कागद एकत्रच असतात. ह्या वर्षीच्या डिस्कवर ‘वाटणीपत्र’ही चढलेले आहे.